मालकिणीने समक्ष हजर राहावे

मोजणीवाल्याने काजूच्या ओळीच्या टोकाला तिपाई रोवली आणि विचारलं, "इथून कुठे?"

मी फोनवरून ओरडले, "ओळीच्या पलीकडून. काजू सगळे माझ्यात."

तेवढ्यात मुलगा त्याच्या खोलीतून बाहेर आला. "आई, फोन दे. तो माणूस आलाय."

"कुठला माणूस?"

"चॅटवरचा. तीन दिवस त्याची वाट बघतोय. तुझ्या फोनवर लिंक पाठवतोय, तुझा चेहरा दाखवायचाय. लिंक दहा मिनिटं चालते."

"माझी मोजणी चाललीय."

"आई, उद्या शेवटचा दिवस आहे. हा गेला तर परत कोण येणार?"

शेत कोकणात होतं. मी सिंगापूरला, बुओना व्हिस्टाच्या कॉन्डोत, म्हणजे कुंपणातल्या उंच इमारतीत, मुलाच्या जेवणाच्या टेबलाशी बसले होते. माझ्याकडे दुपारचा दीड वाजला होता, तिकडे अकरा. शेतात माझी चुलत बहीण फोन धरून उभी होती आणि तिचा हात हलायचा, त्यामुळे काजू, आभाळ, मोजणीवाल्याचे बूट असं सगळं आळीपाळीने दिसत होतं. मोजणीवाल्याने आधीच सांगितलं होतं की कोणाची हरकत नसेल तर बाईंनी फोनवरून हद्द दाखवावी. माझ्या भावाने सगळ्यांसमोर "हरकत नाही" म्हटलं होतं.

आता भावाचं तोंड फोनमध्ये आलं. "आक्का, बोल ना. साहेब उन्हात उभे आहेत."

मुलगा माझ्या डोक्यावर उभा. हात पुढे केलेला.

मी बहिणीला म्हटलं, "दहा मिनिटं थांबव त्यांना." आणि शेत बंद केलं.

मग फोनच्या काचेत एक गोल आला. गोलात तोंड बसवायचं. चष्मा काढायचा. डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, डोळे मिटून उघडायचे. गोल लाल झाला. मुलगा म्हणाला, खिडकीकडे वळ, उजेड कमी पडतोय. वळले. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे. मग हिरवी खूण आली. मुलगा "झालं, झालं" करत खोलीत पळाला आणि कीबोर्ड बडवायला लागला.

मी बहिणीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला.

"अगं, दगड बसला," ती म्हणाली.

"कुठे?"

"ओळीच्या अलीकडे."

"आणि तू काय करत होतीस?"

"मी काय करणार? तुझा भाऊ म्हणाला, तिने फोन ठेवला म्हणजे तिची हरकत नाही. साहेबांनी तसं लिहून घेतलं. मी म्हटलं थांबा, तर वहिनी मलाच म्हणाली, तुझं नाव आहे का सातबाऱ्यावर?"

नऊ काजू गेले आणि त्यांच्या खालची जागा गेली. संध्याकाळी सून घरी आली, तिला सगळं सांगितलं. ती चप्पल काढता काढता म्हणाली, "पण आई, याच्या फोनवरून शेत बघता आलं असतं की." मुलाचा फोन त्या वेळी त्याच्या खिशातच होता. आम्हा दोघांना सुचलं नाही. लिंक माझ्या फोनवर यायची होती, शेतही माझ्याच फोनवर होतं, आणि आम्ही एका फोनवर दोन मोठी माणसं भांडत बसलो.

कोणी म्हणेल, आईने पोरासाठी शेत सोडलं. तसं काही नाही. मला सुटायचं होतं. ती हिरवी खूण आली की मी त्या घरातून सुटेन असं मला वाटलं होतं, म्हणून मी शेत बंद केलं.

आता हे कशामुळे झालं ते सांगते.

माझा नवरा जहाजावर फिटर होता. जहाजावर काम करणाऱ्याला प्रत्येक दिवसाचा पुरावा द्यावा लागतो. किती महिने पाण्यावर काढले, कुठल्या जहाजावर, कोणत्या तारखेला चढला, कोणत्या तारखेला उतरला. पुढच्या परीक्षेला बसायचं तर तेवढे दिवस भरावे लागतात. माझा नवरा वहीत लिहायचा, आणि त्याची बेरीज कधीही जुळायची नाही. घरी आला की पहिले चार दिवस एजंटशी त्यावरून भांडण, मग माझ्याशी.

मुलगा कॉम्प्युटर शिकला आणि नोकरीला सिंगापूरला आला. त्याचा बाप गेल्यावर त्याने जहाजावरच्या लोकांसाठी एक ॲप लिहिलं. चढल्याची तारीख घातली, उतरल्याची घातली, की ते दिवस मोजतं आणि कुठला दाखला कधी संपतो ते आधी सांगतं. फुकट ठेवलं. चांगलं आहे म्हणतात. मी वापरलं नाही, मला जहाजावर जायचं नाही.

ॲप लोकांच्या फोनवर पोचवायचं तर ते ॲपच्या दुकानात ठेवावं लागतं. दुकान म्हणजे फोनमधलंच दुकान, जिथून सगळे ॲप उतरवून घेतात. तिथे ठेवायला विकणाऱ्याचं खातं लागतं, फुकट वाटायचं असलं तरी. खात्याला एक मालक लागतो, खरा माणूस, कागदपत्रांसकट. मुलाच्या नोकरीच्या करारात लिहिलं होतं की तो जे काही लिहील ते कंपनीचं. घरी बसून लिहिलं तरी कंपनीचं. म्हणून तो म्हणाला, "आई, खातं तुझ्या नावावर काढतो."

"मला काय करावं लागेल?"

"काही नाही. नुसतं नाव."

मी तेव्हा सिंगापूरला त्याच्याकडे येऊन महिनाच झाला होता. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, तसा त्याने माझा रुमाल टाकला. माझा पासपोर्ट घेतला, इथलं सिमकार्ड घेऊन दिलं तो नंबर घातला, घराचा पत्ता घातला. अटींचा मोठा कागद होता, तो खाली खाली सरकवला आणि मला म्हणाला, इथे बोट लाव. मी लावलं. मला कोणी फसवलं नाही. वाचून दाखव म्हणाले असते तर त्याने दाखवलं असतं. मी म्हणाले नाही.

मग मी गावी गेले आणि दोन वर्षं तिकडेच राहिले. ॲप इकडे चाललं होतं, माझ्या नावाने.

नावाचं सांगते, कारण सगळं तिथेच अडलं. आमच्यात लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने त्यात नवीन नाव लिहितो. माझं नवीन नाव नवऱ्याच्या आत्याने ठरवलं होतं. मला तिथे बसल्यावर कळलं. मला त्या नावाचा कधी राग आला नाही, ते वाईट नव्हतं. रेशनकार्ड, आधार, पासपोर्ट, सगळं त्या नावाने झालं. मुलाने मला त्याच नावाने ओळखलं, म्हणजे कागदावर. तोंडाने तो आईच म्हणतो.

माझे वडील गेल्यावर त्यांच्या जमिनीवर वारस म्हणून माझं नाव लागलं ते माहेरचं, शाळेच्या दाखल्यावरचं. दर वेळी तलाठ्याकडे गेलं की तो विचारायचा, ही बाई कोण आणि तुम्ही कोण? दर वेळी प्रतिज्ञापत्र. दोन्ही नावांची बाई एकच असल्याबद्दल शपथ घ्यायची. मी तीन वेळा शपथ घेतली. चौथ्या वेळी म्हटलं, पुरे. राजपत्रात नाव छापून आणलं, माहेरचं, आणि आधार बदललं. पासपोर्टची मुदत संपत आली होती, तोही नव्या नावाने काढला. म्हणजे जुन्या. भावाला ते आवडलं नाही, कारण तोपर्यंत तो लोकांना सांगत होता की ती आता त्या घरची. बाकी कोणाला काही फरक पडला नाही.

मी पुन्हा सिंगापूरला निघाले तेव्हा माझ्या राहण्याच्या पासचा अर्ज सुनेने भरला. घरातले सगळे फॉर्म तीच भरते. ती तांजोंग पगारला एका बँकेच्या ऑफिसात असते, फॉर्म भरण्यात तिचा हात धरणारा कोणी नाही. तिने नवं नाव बघितलं, तसंच उतरवलं. मुलाने कागद बघितलेच नाहीत.

मी महिन्याभरासाठी आले होते. परतीचं तिकीट काढलेलं होतं, कारण मोजणीची तारीख पडायची होती. आल्यावर आठवड्याने दुकानाचं पत्र आलं. मुलाने वाचून सांगितलं. नवीन नियम, सगळ्या मालकांची ओळख तपासायची. सरकारी कागद दाखवायचा, चेहरा दाखवायचा, आणि ते खातं ज्या देशातलं त्याच देशातून. मुदतीत झालं नाही तर ॲप दुकानातून काढणार.

"खातं तुझ्या नावावर करून टाक ना," मी म्हटलं.

"नाही होत. खातं विकता येत नाही, दुसऱ्याला देता येत नाही."

"म्हणजे मी मेले तर?"

"तर इतक्यात मरू नका," सून स्वयंपाकघरातून म्हणाली.

"ॲप दुसऱ्या खात्यात हलवता येतं," मुलगा म्हणाला, "पण हलवायचा अर्ज मालकानेच करायचा, आणि मालकाची ओळख आधी तपासलेली पाहिजे."

म्हणजे बाहेर जायचं दार आतल्या खोलीत, आणि आतल्या खोलीला कुलूप.

त्या रात्री जेवणं झाल्यावर पहिल्यांदा गोलासमोर बसवलं. नात माझ्या मागे उभी राहून तिकडच्या इंग्रजीत म्हणाली, "आजी, रिलॅक्स लाह, इट्स जस्ट अ सेल्फी." चेहरा पहिल्याच फटक्यात बसला. मग मुलाने पासपोर्टचा फोटो काढून पाठवला. थोड्या वेळाने उत्तर आलं, नाव जुळत नाही.

त्याने पासपोर्ट उघडून जवळ धरला.

"आई, हे कोणाचं नाव आहे?"

"माझं."

"तुझं नाव हे नाही."

"तुझ्या जन्माआधीपासून आहे."

"तू नाव बदललंस? मला न सांगता?"

"मला माहीत होतं," सून म्हणाली. "पासचा फॉर्म मीच भरला."

"मग तू का नाही सांगितलंस?"

"तुझ्या आईचं नाव तुला मी सांगायचं?"

नात हसली आणि आपल्या खोलीत गेली. मुलगा नाही हसला. तो कधी नव्हे ते माझ्यावर आवाज चढवून बोलला. जमिनीच्या चार गुंठ्यांसाठी एवढं कशाला करायचं, म्हणाला. जमीन चार गुंठे नाही, एकोणीस आहे. मी त्याला तेवढंच सांगितलं.

मग एक एक दिवस जायला लागला. दुकानाला पत्र लिहिलं की दोन्ही नावं एकाच बाईची आहेत. दुकानाने उत्तर दिलं, नाव जुळत नाही. जुना रद्द झालेला पासपोर्ट पाठवला. उत्तर आलं, हा रद्द झालेला आहे. ते खरंच होतं. राजपत्राची प्रत पाठवली, उत्तर आलं की ही भाषा आम्हाला वाचता येत नाही. तिचं इंग्रजी करून, त्यावर शिक्का मारून घेण्यात नऊ दिवस गेले. प्रत्येक उत्तराखाली वेगळ्या माणसाचं नाव असायचं, मजकूर मात्र एकाच हातचा. मुलगा म्हणाला, तिकडे बहुतेक माणूस नसेलच. मग इतके दिवस मी कोणाला माझी ओळख पटवत होते? शेवटी त्याने दुकानाच्या चॅटवर खरा माणूस मागितला आणि त्याची वाट बघत बसला.

मला घरातून हलता येईना. कधी मध्येच सहा आकडे यायचे, ते दहा मिनिटांत सांगायचे. आकडे माझ्या इथल्या नंबरवर येणार, तो नंबर गावी चालत नाही. म्हणून गावी जायचं नाही. एमआरटीत, म्हणजे तिकडच्या मेट्रोत, बसायचं नाही, भुयारात रेंज गेली तर? सकाळी कॉन्डोच्या पोहण्याच्या तळ्याभोवती पुण्याच्या दोघी बायका फिरायच्या, त्यांच्याबरोबर मी खाली जायचे, तेही मुलाने थांबवलं नाही पण त्याचं तोंड बघून मीच बंद केलं. खाली टपऱ्यांच्या हॉकर सेंटरला जाऊन केळी आणायचे, ते सुनेवर गेलं. आंघोळीला जाताना फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून नळावर टांगायचा. अकराव्या मजल्यावरून समोर दुसऱ्या इमारतीच्या अकराव्या मजल्यावरचे एसीचे डबे दिसायचे. ते किती आहेत ते मी मोजले नाहीत, मी इतकी वेडी झाले नव्हते. पण दोनदा तिकीट पुढे ढकललं आणि दोन्ही वेळा मुलाने मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. दुसऱ्या वेळी तर जेवताना, वाढता वाढता. "आई, तुझं तिकीट पुढच्या महिन्यात केलंय. भात घेणार?"

मी त्याला म्हटलं, "मला कोंडलंयस हे तुला कळतंय का?"

"कोंडलं कुठे? दार उघडं आहे."

"उघडं आहे तर जाते."

"जा ना. आणि ॲप गेलं की मला सांगू नकोस."

मी गेले नाही. दार उघडं होतं हे खरं आहे, म्हणून जास्त राग येतो.

याच दिवसांत गावाहून नोटीस आली. पोटहिस्सा मोजणी, तारीख, वेळ, आणि खाली छापलेलं: सर्व खातेदारांनी समक्ष हजर राहावे. चुलत बहिणीने त्याचा फोटो पाठवला. मी तो फोटो आणि दुकानाचं पत्र मुलाच्या पुढे शेजारी शेजारी ठेवलं. म्हटलं, दोघांनाही मीच पाहिजे, समक्ष. सांग कुठे जाऊ. तो म्हणाला, "शेताची तारीख पुढे ढकलता येते." मी भूमी अभिलेख ऑफिसात बहिणीला पाठवलं. तिथल्या लोकांनी तिला सांगितलं, पुढची तारीख कधी मिळेल सांगता येत नाही, आणि भावाने तर तातडीच्या मोजणीची फी भरली आहे. बहिणीला मुखत्यारपत्र द्यावं असंही मनात आलं. पण ते इथे करून, शिक्के मारून, टपालाने तिकडे पोचेपर्यंत मोजणी होऊन गेली असती. तेव्हा फोनवरून हद्द दाखवायचं ठरलं. ते कसं झालं ते सुरुवातीला लिहिलंच आहे.

एका फोनबद्दल लिहायला पाहिजे. दुकानाच्या नियमाप्रमाणे ॲपच्या पानावर मालकाचं नाव आणि संपर्क दिसतो. त्यावर माझा नंबर होता. एक दिवस दुपारी फोन वाजला, मला वाटलं आकडे आले. पुरुषाचा आवाज, मागे इंजिनची घरघर.

"मॅडम, तुम्ही मराठीच ना? नाव बघून लावला. आमचं जहाज इथे नांगरावर आहे. ॲप बंद होणार म्हणतात, खरं का?"

"कोण म्हणतं?"

"उघडलं की वर पिवळी पट्टी येते. मालकाची ओळख पटलेली नाही म्हणून. माझे चौदा महिने त्यात आहेत मॅडम."

"वहीत लिहून काढ."

"जुनी वही भिजली म्हणून तर ॲप घेतलं. आणि तुमच्यासारखी मॅडम वहीत लिही म्हणते, मग काय बोलायचं!" तो हसला. "ॲप तुम्ही बनवलंत?"

"मी मालकीण आहे," मी म्हटलं.

हे मी पहिल्यांदा तोंडाने म्हटलं. तोपर्यंत माझ्या मनात होतं की कंटाळले की एक दिवस सगळं बंद करून टाकीन आणि विमानात बसेन. त्या फोननंतर ते जमेना. माझा नवरा असाच दिवस मोजत बसायचा. मला त्याची दया कधी आली नव्हती, वैताग यायचा. पण चौदा महिने इंजिनाजवळ काढणं म्हणजे काय असतं, ते त्याच्या हातांवर मी बघितलेलं होतं.

ओळख पटली, नाव बदलून माहेरचं झालं, पिवळी पट्टी गेली. दगड बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी मुलगा मिठाई घेऊन आला. मी खाल्ली नाही. मी म्हटलं, "आता माझं नाव काढ."

"आता कशाला? आता तर सगळं व्यवस्थित झालं. दर वर्षी एकदा विचारतील फारतर."

"दर वर्षी मी इथे येऊन गोलात तोंड घालू?"

"आई, दुसरं नाव कोणाचं घालू? माझं घालता येत नाही."

"तुझ्या कंपनीला विचारलंस?"

"विचारलं तर ते घेऊन टाकतील."

सून लॅपटॉपवर काहीतरी करत होती. मान वर न करता म्हणाली, "माझ्या नावावर घेते. माझ्या ऑफिसला मी विचारलं."

"कधी?"

"सोमवारी. फुकट आहे, आमच्या कामाचं नाही, खुशाल ठेव म्हणाले. आज लेखी दिलं."

मी मुलाकडे बघितलं. तो मिठाईच्या डब्याचं झाकण लावत बसला. इतक्या वर्षांत त्याने आपल्या ऑफिसला एकदाही विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर काय म्हणाले असते ते मला माहीत नाही, त्यालाही नाही. आई होती, म्हणून विचारायची गरज पडली नाही.

सुनेचं नवीन खातं निघालं. त्याची तपासणी झाली. मग मी माझ्या खात्यातून अर्ज करायचा, दुकान बघणार, मग ॲप हलणार. त्यात आणखी सोळा दिवस गेले आणि तेवढे दिवस मी पुन्हा फोन घेऊन बसले, कारण अर्ज मालकिणीचा होता. शेवटच्या दिवशी बटण दाबायच्या आधी सगळ्या अटी मी मुलाला मोठ्याने वाचायला लावल्या. इंग्रजीतून वाचायचा, मराठीत सांगायचा. पाऊण तास लागला. तो दोनदा म्हणाला, "आई, कोणी वाचत नाही हे." मी म्हटलं, "पुढे."

संपल्यावर सुनेला म्हटलं, "ऐकलंस ना? आता तू अडकलीस."

"ऐकलं."

"तुझा पासपोर्ट कुठल्या नावाने आहे?"

"माझ्याच. मी बदललंच नाही," ती म्हणाली. "तुम्ही तेव्हा माझ्याशी दोन महिने बोलत नव्हता त्यावरून."

ते खरं आहे. तिच्या लग्नात तांदळाचं ताट मीच आणून ठेवलं होतं आणि तिने ते बाजूला सारलं होतं. मी बटण दाबलं.

त्यानंतर चार दिवसांनी गावी आले. मोजणीवर हरकत घेतली. कारकुनाने विचारलं, मोजणीच्या वेळी तुम्ही हजर होता का? मी सांगितलं, फोनवर होते, मध्ये अकरा मिनिटं नव्हते. तो म्हणाला, अकरा मिनिटांचा रकाना अर्जात नाही, हो किंवा नाही लिहा. मी "नाही" असं लिहिलं. निमताना मोजणीसाठी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणीसाठी अर्ज दिला आहे. त्याची तारीख अजून आलेली नाही. या हंगामातले काजू भावाने उतरवले.

मुलगा आता फोनवर विचारतो की तुला एवढं काय वाटलं, आपलंच घर होतं. त्या घरात तो रोज ऑफिसला जाऊन येत होता, सून जाऊन येत होती, नात शाळेत. पहिलं पत्र आल्यापासून ॲप हलेपर्यंत एकोणसाठ दिवस झाले, आणि ते सगळेच्या सगळे त्या घरात बसून काढले ते फक्त मी. वय एकाहत्तर, शाळा चौथीपर्यंत, खात्याची मालकीण.